काट्यामागचा दिवा

चाळिशी हा मराठी भाषेतला मोठा लबाड शब्द आहे. तो वयालाही लागतो आणि चष्म्यालाही. वय लपवावं तर चष्मा नाकावर बसून साक्ष देतो आणि चष्मा टाळावा तर वय डोळ्यांतून बोलतं. मी गेली तीन-चार वर्षं दोन्ही नाकारत होतो. बँकेत व्हाउचर हातभर लांब धरून वाचायचो. खातेदारांना वाटायचं, किती बारकाईने तपासतो हा माणूस! पुढे हाताची लांबी पुरेनाशी झाली, तेव्हा मी दोष दिला तो छापखान्याला. वर्तमानपत्रवाले हल्ली शाई वाचवतात, असं माझं ठाम मत झालं होतं.

परंतु स्पीडोमीटर ही वस्तू हातभर लांब धरता येत नाही. ती मुळातच हातभर लांब असते. एका रात्री भंडाऱ्याहून गावाकडे येताना मी स्कूटरच्या तबकडीकडे नजर टाकली, तर तिथे मला काळोखात मातकट उजेडाचा एक डाग दिसला. आकडे नाहीत, काटा नाही. तीस म्हणावं तर तीस, साठ म्हणावं तर साठ. डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. म्हणजे दोष दिव्याचा. मी तिथल्या तिथे ठराव केला की तबकडीचा जुना दिवा काढून एलईडी बसवायचा. पुढचा सगळा इतिहास या ठरावातून घडला.

इतिहास म्हटल्यावर गावाची ओळख करून दिली पाहिजे. आमचं अड्याळ हे भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. हे मुद्दाम सांगतो, कारण बाहेरगावी 'अड्याळचा' म्हटलं की लोक भक्तिभावाने हात जोडतात. त्यांना वाटतं, मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीचा, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतला. मी साधा बी.कॉम. आहे, असा खुलासा केला की जोडलेले हात लगेच सुटतात. आमच्या तालुक्याच्या गावाला, पवनीला, मात्र खराखुरा इतिहास आहे. १९६९-७० साली तिथे उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूपाचे दोन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष वर आले. विद्वानांनी कुदळ घेऊन पवनी खणली. मी पेचकस घेऊन स्पीडोमीटर खणला. सामग्रीचा फरक सोडला, तर शास्त्र एकच.

उत्खननाच्या आधी ग्रंथांतला पुरावा बघावा, अशी रीत आहे. तेव्हा मी मुळापासून सुरुवात केली. डॅशबोर्ड हा शब्द मोटारीच्या आधीचा निघाला. पूर्वी विलायतेत घोडागाडीच्या पुढच्या अंगाला, गाडीवानाच्या पायांपाशी, लाकडाची फळी किंवा कातडं उभं करीत. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्या सभ्य माणसांच्या कपड्यांवर येऊ नये, एवढाच तिचा उपयोग. घोडा गेला, फळी राहिली. मग रिकाम्या फळीवर माणसाने तबकड्या, दिवे आणि देवाची मूर्ती बसवली. सरकारी कचेरीतही असंच होतं. काम जातं, खुर्ची राहते, मग खुर्चीसाठी नवं काम शोधतात.

आमच्याकडच्या दमणीला अशी फळी नव्हती. तिची गरजही नव्हती, कारण बैलाची शेपटी हाच आमचा डॅशबोर्ड होता. शेपटी कशी हलते यावरून वेग कळायचा, कशी लोंबते यावरून इंधन किती उरलं ते कळायचं, आणि शेपटी वर झाली की धोक्याची सूचना समजून पाय आखडून घ्यायचे. दिवा म्हणून आसाखाली कंदील टांगलेला असायचा. तो खालीच का टांगतात, वर समोर का नाही, असा प्रश्न मला लहानपणी पडला होता. त्याचं उत्तर मिळायला मला चाळीस वर्षं आणि एक ट्रॉली लागली. ते पुढे येईल.

पहिल्या मोटारींना बैलगाडीपेक्षा फार बरा उजेड होता असं नाही. पुढच्या दिव्यांत कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडायचे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो पेटवायचा. कार्बाइड म्हणजे तेच, ज्याने आंबे पिकवायला आता बंदी आहे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि मग हळूहळू वीज सगळ्याच मोटारींत शिरली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९०२ साली, स्ट्रासबुर्गच्या ओट्टो शुल्झं नावाच्या गृहस्थाने स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं होतं. त्याची युक्ती इतकी साधी आहे की माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसालाही समजते. चाकापासून एक केबल येते आणि तबकडीमागे एक लोहचुंबक गरगर फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. तरी चुंबक फिरला की वाटीत वीज खेळते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. काटा त्या वाटीलाच जोडलेला असतो. वाटीने फार वाहवत जाऊ नये म्हणून एक केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते.

हे वाचल्यावर मला आमची शाखाच डोळ्यांपुढे आली. साहेब आत केबिनमध्ये गरगर फिरतात. आम्हांला ते शिवतसुद्धा नाहीत. तरी आम्ही बाहेर आपोआप त्यांच्यामागे ओढले जातो, आणि पाच वाजता घराची स्प्रिंग आम्हांला पुन्हा शून्यावर आणून ठेवते. शुल्झं साहेबांनी बँकेत नोकरी केली असावी अशी शंका येते. पुरावा नाही, म्हणून आग्रह धरत नाही.

वेग कळायला लागला, पण रात्री तो दिसणार कसा? यावर एक उत्तर निघालं, आणि या लेखात हसू नये अशी जी एक-दोन ठिकाणं आहेत त्यांतलं ते एक. १८९८ साली क्यूरी पतिपत्नींनी रेडियम शोधलं. ते घालून केलेला रंग अंधारात आपोआप चमकतो, म्हणून घड्याळांच्या आणि विमानांतल्या तबकड्यांचे आकडे त्या रंगाने रंगवू लागले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात हे काम करायला तरुण मुली होत्या. आकडा बारीक यावा म्हणून ब्रशाला टोक काढायचं, ते ओठांनी. तसं त्यांना शिकवलेलंच होतं. रेडियम पोटात गेलं आणि हाडांत जाऊन बसलं. जबडे झडले, मुली गेल्या. १९२८ साली पाच जणींच्या खटल्यात तडजोड होऊन भरपाई मिळाली, तोवर त्यांतल्या काहींना धड उभंही राहता येत नव्हतं. कुणाला तरी अंधारात काटा दिसावा, म्हणून.

आमच्याकडे रेडियम हे नाव तेवढं उरलं आहे. नंबरप्लेटवर आकडे चिकटवणारा तो रेडियमवाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लाल चमकती पट्टी लावायची, तिचंही नाव रेडियम. तिच्यात रेडियमचा कणही नसतो. पडलेला उजेड ती नुसता परत पाठवते. तेव्हा ती निर्धास्तपणे लावावी. लावावीच. हेही पुढे येईल.

आता माझ्या वाहनाकडे वळतो. ही स्कूटर बाबांची. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनी इटलीच्या पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. तो परवाना १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक बाजारात आली. बाजारात आली म्हणजे दुकानात मिळाली असं नव्हे. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळे. आमच्या घराण्यात परकीय चलन म्हणजे आत्याने नागपूरहून पाठवलेली मनीऑर्डर. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर असलेल्या बाबांच्या दारात चेतक उभी राहायला १९९० साल उजाडलं. आईने तिला ओवाळलं. मला लग्नात ओवाळलं त्यापेक्षा दोन वाती जास्त होत्या, असं माझं जुनं गाऱ्हाणं आहे. तिच्यावर आमचं अख्खं कुटुंब बसे: मागे आई, आईच्या मांडीवर बहीण, आणि पुढे, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये, उभा मी. तबकडी बरोबर माझ्या नाकासमोर. रात्री ती तांबूस दिसायची. मला वाटायचं, तो स्कूटरचा जीव आहे.

कंपनीने ती पेट्रोलची चेतक बनवणं केव्हाच थांबवलं. २०२० पासून त्या नावाची विजेची स्कूटर मिळते. बाबाही आता नाहीत. पण स्कूटर आहे आणि तिरकी केली की चालू होते. तर ही स्कूटर घेऊन मी आमच्या मिस्त्रीकडे गेलो.

"सायेब, दिवा तं साजराच हाये," त्याने काचेवर बोट ठोकून सांगितलं. "डोरे दाखवा तुमचे कोनाले तरी."

झाडीबोलीत ळ आणि ण यांना थारा नाही. डोळ्याचा डोरा होतो आणि कोणाचा कोना. मी भाषेचा मुद्दा काढून मूळ मुद्द्याला बगल दिली आणि एलईडीचा आग्रह धरला.

"सहा का बारा?" त्याने विचारलं.

"पावणेपाच," मी घड्याळ बघून सांगितलं.

तो व्होल्ट विचारत होता. आमची बारा व्होल्टची निघाली. त्याने हेडलाइटचं डोकं उघडलं, तबकडीखालचा होल्डर ओढून काढला आणि दिवा माझ्या हातावर ठेवला. दिवा कसला, भाजलेल्या शेंगदाण्याएवढी काचेची गोळी. तिच्याभोवती तपकिरी पापुद्रा चिकटला होता. जुनाट, सुरकुतलेला, उदबत्तीच्या पुड्याच्या आतल्या कागदासारखा.

"हा काय कचरा आहे?" म्हणत मी तो नखाने सोलला आणि फुंकून दिला. वाचकांनी ही क्रिया लक्षात ठेवावी. पवनीच्या उत्खननात कुणी असा हलगर्जीपणा केला असता, तर त्याला तिथूनच घरी पाठवलं असतं.

मिस्त्रीने एक साधा एलईडी लावला. स्कूटर चालू केली. दिवा लुकलुकला. मी ऐटीत ॲक्सिलरेटर पिळला. दिवा क्षणभर झगमगला आणि गेला. कायमचा.

त्याचं कारण मिस्त्रीने सांगितलं ते त्याच्या भाषेत, मी सांगतो ते बँकेच्या. जुना बल्ब म्हणजे तापलेली तार. तिला वीज डावीकडून आली काय, उजवीकडून आली काय, सारखीच. ती आपली तापते आणि पेटते. एलईडी म्हणजे फक्त जमा घेणारी खिडकी. एका दिशेने वीज आली तर हसून स्वीकारील. उलट दिशेने आली तर 'पलीकडे जा' म्हणेल. फारच धक्काबुक्की झाली तर खिडकी कायमची बंद. आता आमच्या स्कूटरला बॅटरी नाही. तिची वीज इंजिनाच्या फिरत्या मॅग्नेटोतून थेट येते, आणि ती क्षणाक्षणाला दिशा बदलते: जमा, खर्च, जमा, खर्च. शिवाय इंजिन जितकं जोरात फिरेल तितका तिचा दाब वाढतो. म्हणूनच अशा स्कूटरचे दिवे चौकात थांबलं की मंदावतात आणि निघालं की उजळतात, सायकलच्या डायनॅमोसारखे. माझ्या त्या गरीब खिडकीवर मी पिळलेल्या ॲक्सिलरेटरने एकदम शंभर माणसं पैसे काढायला लोटली होती.

दुसऱ्या एलईडीच्या पोटात चार डायोडांचा पूल होता. कोणत्याही दिशेने आलेली वीज तो एकाच दिशेला वळवून देतो. म्हणजे खिडकीबाहेर रांग लावून देणारा शिपाई. तो दिवा टिकला. असा शिपाई किती मोलाचा असतो हे मला विचारा. आमचा निवृत्त झाल्यापासून खिडकीवर बसणं मुश्कील झालं आहे.

मिस्त्री पेच आवळेपर्यंत मला एलईडीच्या इतिहासाचा विचार करायला फुरसत मिळाली. १९०७ साली राउंड नावाच्या इंग्रज माणसाला कार्बोरंडमच्या खड्यात, म्हणजे धार लावायच्या दगडात जो पदार्थ असतो त्यात, वीज सोडल्यावर उजेड दिसला. त्याने चार ओळी छापल्या आणि तो दुसऱ्या कामाला लागला. पुढे १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह नावाच्या तंत्रज्ञाने त्या थंड उजेडाचा खराखुरा अभ्यास केला. त्याच्या हयातीत फार कुणी दखल घेतली नाही. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. वय अडतीस. त्याला चाळिशीसुद्धा लागली नाही.

मग १९६२ साली अमेरिकेत निक होलोनियाक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. आमच्या पिढीला तो लाल ठिपका चांगला ओळखीचा आहे. टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर, टेपरेकॉर्डरवर गाण्याबरोबर नाचणारा. लाल झाला, हिरवा झाला; निळा काही होईना. आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळेना. ते काम जपानमध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी केलं. नाकामुरा हे निचिया नावाच्या कंपनीत नोकरीला होते. त्यांचा झगझगीत निळा दिवा १९९३ साली जगापुढे आला. कंपनीने त्यांना बक्षीस दिलं वीस हजार येन.

या आकड्यापाशी मी थबकलो. आमच्या बँकेत एका कॅशियरने जादा आलेली मोठी रक्कम शोधून खातेदाराला परत केली, तेव्हा त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. फ्रेमचे पैसे त्याने स्वतः भरले. त्यामुळे नाकामुरांचं दुःख मला हिशेबासकट समजलं. पण ते माझ्यासारखे गप्प बसले नाहीत. ते कोर्टात गेले. २००४ साली टोकियोच्या न्यायालयाने त्यांना दोन हजार कोटी येन द्यावेत असा निकाल दिला. पुढे अपिलात, २००५ साली, सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ साली तिघांना मिळून भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लगेच जानेवारी २०१५ मध्ये आपल्याकडे सरकारची उजाला योजना निघून स्वस्तात एलईडी बल्ब घरोघर पोचले, आणि तो जपानी उजेड अड्याळच्या गोठ्यात म्हशीच्या डोक्यावर जळू लागला. म्हैस आधीइतकंच दूध देते.

असो. काम झालं. संध्याकाळी स्कूटर चालू केली आणि तबकडी चांदण्यासारखी फुलली! प्रत्येक आकडा सुटा. काटा असा की टोचेल. आजवर कधी न दिसलेली एक मुंगी काचेच्या आत चाळीस आणि पन्नासच्या मध्ये मरून पडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी मी शाखेतल्या सगळ्यांना स्टँडवर नेऊन हात आडवा धरून दिवा दाखवला. मॅनेजर साहेब म्हणाले, "छान." डोळ्यांचा दोष नव्हता, हे मी सौ.ला ऐकू जाईल अशा आवाजात चार वेळा सांगितलं.

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडईचे दिवस येतात. गावोगाव मंडई भरते, नातलग जमतात, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. हे नाटक म्हणजे पुण्या-मुंबईसारखा साडेआठ ते अकराचा मामला नव्हे. रात्री उभं राहतं आणि पहाट दाखवून सोडतं. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे निवडणूक जिंकल्यासारखे फटाके वाजले. बाबा या नाटकांचे वेडे होते. तो वारसा मी चालवतो. त्या रात्री सौ.ला मागे बसवून पवनीच्या पलीकडच्या एका गावी नाटकाला गेलो आणि तीन वाजता परत निघालो.

थंडी, धुकट हवा, दोन्हीकडे कापलेले धानाचे बांध. रस्त्यावर कुणी नाही. मी मधूनमधून तबकडीकडे पाहत होतो. बेचाळीस. त्रेचाळीस. काय स्वच्छ दिसत होतं! वर पाहिलं की रस्ता मात्र जरा काळा वाटायचा. मी म्हटलं, अमावास्या जवळ असेल.

"अहो, ट्रॉली!"

सौ.चा आवाज आणि माझ्या खांद्यावर तिची बोटं एकदमच रुतली. मी दोन्ही ब्रेक दाबले. स्कूटर वाकडी झाली, घसरली, आणि उभी राहिली. माझ्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. ट्रॅक्टर नाही, माणूस नाही, दिवा नाही. मागे रेडियमची पट्टी नाही. पोत्याच्या एका छिद्रातून धान टपटप गळत होतं, आणि तेवढाच काय तो आवाज त्या रात्री होता.

बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग सौ. म्हणाली, "एवढी मोठी ट्रॉली तुम्हांला दिसली नाही?"

"तुला कशी दिसली?"

"समोर होती म्हणून."

हे उत्तर मला घरी पोचेपर्यंत पुरलं. मी पुढे, ती मागे. चष्मा तिलाही नाही. तिच्या वाट्याला रस्ता दिसला तो माझ्या खांद्यावरून, अर्धाच. तरी तिला ट्रॉली दिसली आणि मला नाही. फरक एकच. तबकडीचा पांढरा उजेड माझ्या डोळ्यांत जात होता. तिच्या आणि त्याच्या मध्ये माझी पाठ होती.

मग जे वाचलं ते सांगतो. डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. एक दिवसाच्या पाळीला, दुसऱ्या रात्रपाळीला. रात्रपाळीच्या पेशींना अंधारात पूर्ण कामावर यायला जवळजवळ अर्धा तास लागतो, आणि डोळ्यांत झगझगीत उजेड पडला की क्षणात त्या काम टाकून देतात. त्यांतून पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा. त्यावर पिवळ्या पदार्थाचा लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. आणि निळसर उजेडाला या पेशी सर्वांत हळव्या. लाल उजेड मात्र त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात रात्री उडणाऱ्या वैमानिकांच्या पुढ्यात लाल दिवे असत: काटेही दिसावेत आणि आभाळही. आमचे गाडीवान कंदील आसाखाली टांगत तो काही जागा नव्हती म्हणून नव्हे. उजेड बैलांच्या पायांशी, गाडीवानाचे डोळे अंधारात. त्यांनी कुणी पेटंट घेतलं नाही.

पण हे सगळं नंतर. त्या रात्री घरी पोचलो तेव्हा आई जागी होती. नाटकाला गेलेल्यांसाठी जागण्याची तिची सवय बाबांच्या वेळची आहे. मी काही सांगणार नव्हतो, सौ.ने सगळं सांगितलं, ट्रॉलीच्या लांबीरुंदीसकट. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"दिव्याले तुया बाबांनी लाल कागद लावला होता नं. तो काहून काढला?"

"कसला कागद?"

"नाटकातला. लायटिंगवाल्याजवरून मागून आनला होता. रात्रीचे नाटकाहून येताना डोर्‍यात उजेड येते म्हनत. तुमाले समोर उभं करून आनत ना."

मी खाली बसलो. लहानपणची ती तांबूस तबकडी माझ्या नाकासमोर आली. स्कूटरचा जीव! तीस-बत्तीस वर्षांत तो लाल जिलेटीनचा कागद दिव्याच्या उष्णतेने भाजून तपकिरी झाला, मातकट झाला, आणि मी त्याला कचरा म्हणून फुंकून दिला. बाबांनी पर्किंजेही वाचला नव्हता आणि वैमानिकांचे दिवेही पाहिले नव्हते. पुढे मुलगा उभा आहे आणि रस्ता दिसला पाहिजे, एवढंच त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन कामं केली. पहिलं, भंडाऱ्याला जाऊन डोळे तपासले. डॉक्टरांनी विचारलं, त्रास केव्हापासून? मी म्हटलं, कालपासून. त्यांनी चाळिशी दिली. वर हेही सांगितलं, की मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि या वयात जवळचं आणखीच धूसर दिसतं. पण गाडी चालवताना काट्याखालचे आकडे वाचायचे नसतात. काटा कुणीकडे झुकलाय एवढं दिसलं की पुरे. बेचाळीस का त्रेचाळीस, हा हिशेब बँकेत करावा.

दुसरं काम जरा अवघड होतं. लाल जिलेटीन आमच्या बाजारात मिळालं नाही. शेवटी पुढच्या मंडईत नाटकाच्या मंचामागे गेलो आणि लायटिंगवाल्याजवळ तुकडा मागितला. त्याने कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं, स्कूटरच्या काट्याला. तो हसला नाही. कात्रीने बोटभर तुकडा कापून दिला आणि म्हणाला, "दोन पदरी लावजा. एक पदर लवकर उडते."

एलईडी तसाच आहे. निघतोय कशाला, पैसे भरलेत. तो तापत नाही, त्यामुळे कागद आता भाजणारही नाही. जपानच्या निळ्या दिव्यावर झाडीपट्टीचा लाल पदर बसला आहे. आकडे मला पुन्हा दिसत नाहीत, काटा दिसतो. ती मुंगीही दिसेनाशी झाली, तेव्हा तिचाही विषय संपला.

ट्रॉलीचा मालक मी शोधून काढला. तो आमच्याच शाखेचा खातेदार निघाला. पीककर्जाच्या कागदावर सही घेताना मी चष्मा नाकावर सरकवला आणि त्याला सांगितलं, की सहीच्या आधी ट्रॉलीला रेडियम. असा काही नियम बँकेत नाही. पण चाळिशी लावलेल्या माणसाला नियम कुणी विचारत नाही, हा तिचा एक फायदा आहे.